फळ्यावर फिरणारा हात

२००७ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या टीव्हीवर लांब केसांचा एक माणूस पांढऱ्या फळ्यासमोर येऊन उभा राहिला. हातात तपकिरी मार्कर. बोलता बोलता त्याने चार रेघा ओढल्या आणि त्याच रेघांत भर घालत मालाची ने-आण कशी चालते ते अर्ध्या मिनिटात दाखवून टाकलं. जाहिरात यूपीएस या कुरिअर कंपनीची होती. तपकिरी हा कंपनीचा रंग, म्हणून मार्करही तपकिरी. माणसाचं नाव अँडी अझुला. तो नट नव्हता. व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडच्या ‘द मार्टिन एजन्सी’ या जाहिरात संस्थेत तो क्रिएटिव्ह डिरेक्टर होता. या भूमिकेसाठी आधी नटांच्या चाचण्या घेऊन झाल्या आणि अखेर अझुलालाच उभं करण्यात आलं.

मालवाहतुकीचं वेळापत्रक, सीमाशुल्काची कागदपत्रं, गोदामातला शिल्लक माल हे विषय कॅमेऱ्याने टिपावेत असे नव्हेतच. ते रेघांनी दाखवता येतात, एवढं या मोहिमेने सिद्ध केलं. पुढच्या दहा वर्षांत बँका, विमा कंपन्या, रुग्णालयं, विद्यापीठं, सरकारी खाती आणि सेवाभावी संस्था यांनी असे व्हिडिओ करून घेण्याचा सपाटा लावला. पांढरी पार्श्वभूमी, काळी रेघ, मागे निवेदकाचा आवाज आणि भराभर चित्र काढत जाणारा एक हात, असा त्यांचा ठरलेला थाट. हा प्रकार यूट्यूबच्या पोटी जन्मला अशी सर्रास समजूत आहे. त्याचं कूळ मात्र सव्वाशे वर्षांहून जुनं आहे आणि ते शोधत मागे गेलं की प्रत्येक वळणावर एकच प्रश्न आडवा येतो: चित्र काढणारा हात प्रेक्षकाला दाखवायचा की लपवायचा?

संस्थेचा संदेश फळ्यावर चित्र काढून पोचवण्याची रीत पहिल्यांदा जोमाने रुजली ती धर्मशिक्षणात. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला शटॉक्वा नावाचं तळं आहे. तिथे १८७४ मध्ये मेथडिस्ट पंथाच्या मंडळींनी रविवारच्या शाळांतल्या शिक्षकांसाठी उन्हाळी प्रशिक्षण वर्ग सुरू केला. फ्रँक बीअर्ड हा तिथला गाजलेला चित्रकार-वक्ता. अमेरिकी यादवी युद्धात त्याने चित्रवार्ताहराचं काम केलं होतं. खडू आणि फळा एवढ्या साहित्यावर तो नीतिपाठ द्यायचा आणि त्याच्या कार्यक्रमांमुळे ‘चॉक टॉक’ हा व्याख्यानाचा एक स्वतंत्र प्रकारच होऊन बसला. पूर्वरंगात मांडलेला सिद्धांत कीर्तनकाराने उत्तररंगातल्या आख्यानातून पटवून द्यावा, तशी या प्रकाराची बांधणी असे: आधी वरवर निरर्थक वाटणाऱ्या रेघा आणि शेवटच्या एक-दोन फटकाऱ्यांत त्यांचा उलगडा. तो उलगडा होईपर्यंत श्रोता जागचा हलत नसे. रविवारच्या शाळेत फळा कसा वापरावा यावर बीअर्डचं पुस्तकही आलं. दारूबंदीच्या प्रचारकांनाही हा खडू लवकरच कामी आला.

रंगमंचावर याच कसबाचं मनोरंजन झालं. बोलता बोलता दोन मिनिटांत राणी व्हिक्टोरिया किंवा बिस्मार्क कागदावर उतरवणारे चित्रकार युरोप-अमेरिकेच्या विविधरंजनाच्या खेळांत हमखास टाळ्या घेत. सिनेमाचा शोध लागताच तो त्यांच्या मागे आला. पॅरिसचा जादूगार जॉर्ज मेलिएस याने १८९६ मध्येच स्वतःच्या झटपट चित्रांच्या छोट्या फिती काढल्या. त्यांत व्हिक्टोरिया आणि बिस्मार्क दोघंही होते. सिनेमाने या कलेला एक सोयही करून दिली. कॅमेऱ्याचं हँडल सावकाश फिरवलं की पडद्यावर हात झपाट्याने चालतो. आजचे व्हिडिओवाले संगणकावर चित्रीकरणाचा वेग वाढवतात तेव्हा ते हीच युक्ती वापरत असतात.

जेम्स स्टुअर्ट ब्लॅकटन हा या कुळाचा खरा मूळ पुरुष. जन्म इंग्लंडमधल्या शेफील्डचा, पोटापाण्याचा उद्योग न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात चित्रं काढण्याचा आणि जोडीला रंगमंचावर झटपट चित्रांचा खेळ. १८९६ मध्ये तो थॉमस एडिसनची मुलाखत घ्यायला गेला आणि सिनेमात शिरला. १९०० सालच्या त्याच्या ‘द एन्चांटेड ड्रॉइंग’ या फितीत तो मोठ्या कागदावर एक चेहरा काढतो, शेजारी दारूची बाटली आणि पेला काढतो आणि मग हात पुढे करून ती बाटली चित्रातून चक्क उचलून घेतो. कॅमेरा मध्येच थांबवून केलेली ही गंमत. चित्र काढणारा माणूस इथे पूर्ण दिसतो आणि दिसायलाच हवा, कारण जादू त्याच्या हाताची आहे. सहा वर्षांनी, १९०६ मध्ये, त्याने ‘ह्युमरस फेजेस ऑफ फनी फेसेस’ केली. तिच्या सुरुवातीला खडू धरलेला हात फळ्यावर येतो, चेहरा काढतो आणि चौकटीबाहेर निघून जातो. त्यानंतरचे चेहरे आपले आपण हसतात, डोळे मिचकावतात, धूर सोडतात.

फ्रान्समध्ये एमिल कोल याने १९०८ मध्ये ‘फँटास्मागोरी’ केली. तिची सुरुवातही हातानेच होते आणि त्या हाताने काढलेला विदूषक पुढे वाटेल ती रूपं घेतो. पडद्यावर सगळं काळ्या फळ्यावरच्या पांढऱ्या खडूचं काम वाटतं. मुळात कोलने पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने शेकडो चित्रं काढली होती. फित उलटी, म्हणजे निगेटिव्ह छापून त्याने फळ्याचा भास निर्माण केला. खऱ्या फळ्याशिवाय फळ्याचा भास! आज संगणकावर पांढऱ्या फळ्याचं सोंग आणणाऱ्यांनी हे शंभर वर्षांपूर्वी घडून गेलंय हे लक्षात घेतलं तर त्यांची नवलाई थोडी उतरेल.

जादू, चित्रकला आणि कॅमेरा यांचा हाच संगम त्या सुमारास मुंबईतही झाला होता. धुंडिराज गोविंद फाळके जे. जे. कलाशाळेत शिकलेले, छायाचित्रणाचं आणि छपाईचं तंत्र अंगी मुरलेले आणि ‘प्रोफेसर केळफा’ या उलट्या नावाने जादूचे प्रयोग करणारे. सिनेमासाठी भांडवल हवं होतं आणि सावकाराला नुसतं बोलून पटणार नव्हतं. म्हणून १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत लावलेल्या वाटाण्याच्या रोपाची रोज थोडी थोडी चित्रं घेऊन ‘अंकुराची वाढ’ ही छोटीशी फित तयार केली. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली आणि पैसे उभे राहिले. गुंतवणूकदाराला विषय समजावून देण्यासाठी, वेळेला चिमटीत धरून केलेली ही फित. तिच्यात फळा नाही की मार्कर नाही, पण आजचे नवउद्योजक ज्या कामासाठी दीड मिनिटाचा व्हिडिओ करून घेतात ते काम तिने चोख बजावलं. पुढे फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यांना चालतं-फिरतं केलं.

मग हात पडद्यावरून गेला. १९१४ मध्ये अर्ल हर्डने पारदर्शक सेल्युलॉइडवर चित्रं काढण्याच्या पद्धतीचं पेटंट मागितलं. पार्श्वभूमी एकदाच रंगवायची, हलणारी पात्रं वरच्या पारदर्शक पत्र्यांवर काढायची, अशी ही विभागणी. कामाचे तुकडे पडले, कारखाने उभे राहिले आणि शेकडो हातांनी केलेल्या चित्रात एखादा हात दाखवण्याला काही अर्थ उरला नाही. मॅक्स फ्लायशरच्या ‘आउट ऑफ द इंकवेल’ मालिकेतला कोको विदूषक तेवढा निर्मात्याच्या लेखणीतून उतरत राहिला.

संस्थांनाही कारखान्यातला गुळगुळीत माल आवडला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने लॉकहीड या विमान कंपनीसाठी रिव्हेट कसे ठोकावेत यावर ‘फोर मेथड्स ऑफ फ्लश रिव्हेटिंग’ नावाचा प्रशिक्षणपट केला. त्यात विनोद नाही, उंदीर नाही. आहे ती नुसती आकृती आणि आवाज. १९५३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकसाठी ‘ए इज फॉर ॲटम’ झाला. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने आयबीएमसाठी ‘द इन्फर्मेशन मशीन’ काढला आणि संगणक म्हणजे काय ते रेखाचित्रांतून सांगितलं. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने कार्टूनचा विभाग १९५६ मध्ये सुरू केला. विजया मुळे यांनी १९७४ साली केलेली ‘एक अनेक और एकता’ एका पिढीला पाठ आहे.

या काळातला एक सिनेमा मात्र हाताच्या गोष्टीत वेगळा बसतो. १९५६ च्या ‘ल मिस्तेर पिकासो’मध्ये आँरी-जॉर्ज क्लूझो याने पिकासोला अर्धपारदर्शक कागदावर झिरपणाऱ्या शाईने काढायला लावलं आणि कॅमेरा कागदाच्या पलीकडे ठेवला. पडद्यावर रेघ आपोआप उमटते. हात दिसत नाही. तो दाखवण्याची गरजच नव्हती. कोणाचा हात आहे हे तिकीट काढतानाच प्रेक्षकाला ठाऊक होतं.

कॉर्पोरेट जगात हात परतला तो पडद्यावाटे नाही, तर सभागृहाच्या भिंतीवरून. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास सल्लागारांच्या काही गटांनी बैठकीतली चर्चा मोठ्या कागदांवर, शब्द आणि चित्रं यांच्या मिश्रणात, सर्वांसमोर नोंदवायला सुरुवात केली. डेव्हिड सिबेट हे त्यांतलं ठळक नाव. १९७७ मध्ये त्याने या कामासाठी स्वतःची सल्लागार संस्था काढली. भांडणारे दोन विभागप्रमुख एकमेकांकडे न बघता भिंतीकडे बघून बोलू लागतात, हा या पद्धतीचा खरा फायदा. त्याच दशकात कोरड्या फडक्याने पुसता येणारी मार्करची शाई बाजारात आली आणि पांढरा फळा कचेऱ्यांमध्ये हळूहळू स्थिरावला. खडूची धूळ संगणकाला चालत नाही, हेही त्याला एक निमित्त मिळालं.

तर २००७ साली अझुला फळ्यासमोर उभा राहिला तेव्हा प्रेक्षकाला पांढरा फळा रोजच्या परिचयाचा होता. नवं होतं ते त्याचं टीव्हीवर येणं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिअ‍ॅटलमधल्या ली आणि साची लफिव्हर या जोडप्याने आरएसएस, म्हणजे संकेतस्थळांवरचा नवा मजकूर आपोआप पोचवणारं तंत्र, सोप्या भाषेत समजावणारा एक व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. त्यांच्या संस्थेचं नाव कॉमन क्राफ्ट. त्यांनी कॅमेऱ्यासमोर चित्र काढलंच नाही. आधी काढून कापलेले कागदाचे तुकडे पांढऱ्या फळ्यावर ठेवायचे, बोटांनी सरकवायचे, नको झाले की उचलायचे. घरगुती मामला. पण तंत्रज्ञानातल्या कंपन्यांना हेच हवं होतं: अडाण्याला अडाणी न म्हणता समजावणारं कोणीतरी. गूगलनेही त्यांच्याकडून गूगल डॉक्सची ओळख करून देणारा व्हिडिओ घेतला. पुढे एकेका ग्राहकासाठी काम करणं सोडून लफिव्हर दांपत्याने तयार व्हिडिओंचे परवाने विकण्याचा मार्ग धरला.

जगभर ज्याची नक्कल झाली तो नमुना मात्र लंडनमध्ये घडला. रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्स ही संस्था १७५४ मध्ये कॉव्हेंट गार्डनमधल्या एका कॉफी हाउसात स्थापन झाली. संस्थापक विल्यम शिपली हा चित्रकलेचा शिक्षक, आणि संस्थेने पहिल्यांदा जी बक्षिसं जाहीर केली त्यांत मुलामुलींच्या रेखाटनांना बक्षिसं होती. अडीचशे वर्षांनी या संस्थेपुढे अडचण निराळी होती. सभागृहात उत्तम व्याख्यानं होत, त्यांची ध्वनिमुद्रणं साठत आणि ती ऐकणारे मूठभरच. २०१० मध्ये संस्थेने त्यांतली निवडक व्याख्यानं दहा-अकरा मिनिटांवर आणून ‘आरएसए ॲनिमेट’ या नावाने चित्रबद्ध करायला घेतली. काम सोपवलं अँड्र्यू पार्क या चित्रकाराच्या कॉग्निटिव्ह मीडिया या छोट्या स्टुडिओकडे.

दहा मिनिटं का, याचं उत्तर अर्धं यूट्यूबमध्ये आहे. सर्वसाधारण खात्यावर तेव्हा सुमारे दहा मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ चढवता येत नसे. ही मर्यादा २०१० च्या जुलैमध्ये पंधरा मिनिटांची झाली. तोपर्यंत करणाऱ्यांना आणि बघणाऱ्यांना दहा मिनिटांची सवय लागली होती. त्या वर्षी डॅनियल पिंक यांचं कामातल्या प्रेरणेवरचं भाषण आलं, डेव्हिड हार्वी यांचं भांडवलशाहीच्या अरिष्टांवरचं आलं आणि ऑक्टोबरमध्ये केन रॉबिन्सन यांचं शिक्षणपद्धतीवरचं. रॉबिन्सन यांनी ते व्याख्यान २००८ साली संस्थेचं बेंजामिन फ्रँकलिन पदक स्वीकारताना दिलं होतं. सभागृहात ते काहीशे लोकांनी ऐकलं असेल. चित्रं चढल्यावर ते कोटीहून अधिक वेळा पाहिलं गेलं. हार्वी यांच्या भाषणाची गंमत वेगळीच: मार्क्सवादी अर्थचिंतन ज्या शैलीत घराघरांत गेलं, त्याच शैलीत पुढे विमा पॉलिस्या आणि गृहकर्जं विकली गेली.

या कामाची घडण बघण्यासारखी आहे. आधी आवाज, मग चित्र, हा पहिला नियम. ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून चित्रकार आधी सगळं कागदावर मांडतो: कुठल्या वाक्याला कुठलं चित्र, कोणता विनोद वक्त्याच्या शब्दात आहे आणि कोणता चित्राने आपल्या पदरचा घालायचा. हा दुसरा भागच खरा कस पाहतो. वक्ता ‘कारखाना’ म्हणाला की कारखाना काढणं कोणालाही जमेल. तो शाळेविषयी बोलत असताना मुलांना जन्मतारखेचे शिक्के मारून पट्ट्यावरून पुढे सरकवणं याला डोकं लागतं. मग फळ्यावर जागेची आखणी. सगळी चित्रं शेवटी एका विशाल नकाशात बसायची असतात, कारण अखेरीस कॅमेरा मागे सरकतो आणि इतका वेळ तुकड्यातुकड्यांत दिसलेला युक्तिवाद एकसंध दिसतो.

प्रत्यक्ष चित्रीकरण हे कंटाळवाणं आणि अंग मोडणारं काम. फळा चकाकतो, म्हणून दिवे दोन्ही बाजूंनी तिरके लावावे लागतात. चित्रकाराचं डोकं आणि खांदा चौकटीत येऊ द्यायचा नसतो, तेव्हा हात लांब करून अवघडून काढायचं. बाहीचा रंग मध्येच बदलला तर दोन दिवसांचं काम एका बैठकीतलं भासत नाही. मनगट ओल्या रेघेवरून गेलं की काळा फराटा उठतो आणि एकाच जागी वारंवार पुसल्यावर फळ्यावर जुन्या रेघांची सावली राहते, ती कॅमेऱ्याला डोळ्यापेक्षा जास्त दिसते. तासन् तास काढलेलं मग संकलनात असं आवळायचं की रेघ शब्दाच्या आधी पुरी होता कामा नये आणि फार मागेही पडता कामा नये. इंग्रजी निवेदनाला मिनिटाला दीडशे शब्दांचा हिशेब या धंद्यात धरला जातो. कंपनीच्या जनसंपर्क विभागाने तीनशे शब्दांचा मजकूर पाठवून एक मिनिटाचा व्हिडिओ मागावा, हा प्रसंग या क्षेत्रातल्या लोकांना नवा नाही.

२०११ च्या डिसेंबरात टोरांटोचे डॉक्टर माइक इव्हान्स यांनी ‘२३ अँड १/२ अवर्स’ हा व्हिडिओ आणला आणि आरोग्य संस्थांचे डोळे उघडले. दिवसातून अर्धा तास चाला, एवढंच त्यात सांगितलं होतं. पत्रकांतून छापून दमलेला हा सल्ला पांढऱ्या फळ्यावर लाखो लोकांनी नऊ मिनिटं बसून ऐकला.

यानंतर मागणी इतकी वाढली की खऱ्या हाताला ती परवडेना. २०१२ मध्ये ब्रिस्टलच्या स्पार्कोल कंपनीने व्हिडिओस्क्राइब हे सॉफ्टवेअर बाजारात आणलं. त्याची कळ साधी आहे. चित्राच्या फाइलमध्ये रेघांचे मार्ग साठवलेले असतात. सॉफ्टवेअर त्या मार्गांवरचा पडदा क्रमाने उघडत जातं आणि उघडणाऱ्या टोकावर हाताचं एक छायाचित्र सरकवतं. हात यादीतून निवडायचा: बाईचा, पुरुषाचा, डावखुऱ्याचा, गोरा, सावळा, पेन्सिल धरलेला, खडू धरलेला. चित्र न येणाऱ्यालाही आता चित्रकार होता येऊ लागलं आणि पाच डॉलरपासून कामं घेणाऱ्या फायव्हरसारख्या बाजारात असे व्हिडिओ ढिगाने मिळू लागले. एकाच तयार संग्रहातला तोच टायवाला माणूस, तोच पेटलेला दिवा आणि तेच नाण्यांचे ढीग शंभर कंपन्यांच्या व्हिडिओंत फिरले. शैलीची पत घसरली ती इथे, आणि त्याचा दोष सॉफ्टवेअरपेक्षा मजकुराआधी चित्र निवडणाऱ्या घाईला अधिक द्यायला हवा.

हात नुसता शोभेचा आहे का, याचा छडा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर आणि त्यांचे सहकारी लोगन फिओरेला यांनी लावायचा प्रयत्न केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चार प्रयोगांत विद्यार्थ्यांना डॉप्लर परिणाम शिकवला गेला. आवाज तोच, आकृत्या त्याच. काहींना आकृती आधीच काढलेली दिसली, काहींना ती काढली जाताना. नुसता हात आकृती काढताना ज्यांनी पाहिला, त्यांना शिकलेलं ज्ञान नव्या प्रश्नांना लावणं अधिक चांगलं जमलं. आकृती हाताशिवाय आपोआप उमटत गेली तेव्हा तो फायदा दिसेनासा झाला. आणि शिक्षकाचं सबंध शरीर दिसण्यापेक्षा नुसता हात दिसणं किंचित सरसच ठरलं. संग्रहातून उचललेला छायाचित्राचा हात हेच काम करतो का, हा प्रश्न त्या प्रयोगांत नव्हता.

मराठी व्हिडिओत तो प्रश्न लगेच डोळ्यांसमोर येतो. माणूस फळ्यावर ‘कर्ज’ लिहितो तेव्हा आधी अक्षरं, मग रफार आणि शेवटी वरून एका फटकाऱ्यात शिरोरेघ. फाँटमधल्या अक्षराला मात्र शिरोरेघेचा तुकडा अंगासरशीच जोडलेला असतो आणि सॉफ्टवेअरला माणसाच्या लिहिण्याचा क्रम कळत नाही, त्याला बाह्यरेषेचा मार्ग तेवढा कळतो. त्यामुळे पडद्यावरचा हात अक्षराच्या कडेकडेने फिरून त्याची किनार गिरवत बसतो, शिरोरेघ तुकड्यातुकड्यांनी येते आणि वेलांटी कधी अक्षराच्या आधी, कधी भलत्याच वेळी उगवते. इंग्रजी ठशातही हे घडतं, पण तिथे ते इतकं खटकत नाही. यावर उपाय आहे, पण वेळ खाणारा: मथळा चित्रकाराने टॅब्लेटवर स्वतः लिहायचा, प्रत्येक रेघ वेगळी ठेवून, शिरोरेघ सर्वांत शेवटी ओढून, आणि मग ती फाइल सॉफ्टवेअरला द्यायची. मजकुरात ऐनवेळी एक शब्द बदलला की तो मथळा पुन्हा पहिल्यापासून.